चार अंगठ्यांचा हात

“हसू नकोस, आधी बघ,” असं म्हणत ते रोज दुपारी चारला, शाई वाळायच्या आत, कागद माझ्या टेबलावर ठेवायचे. नाशिकच्या आमच्या दैनिकात ते कित्येक वर्षं व्यंगचित्रं काढत होते आणि मी संपादकीय पान लावायचे. सगळं ऑफिस त्यांना काका म्हणायचं. तुमच्यापैकी कुणी आमचा पेपर घेत असेल तर चित्रं आठवतील. माणूस कदाचित पाहिला नसेल. अंगाने किडकिडीत. खिशात शाई पुसायचं फडकं, आणि तेच चुकून तोंडावरून फिरवल्यामुळे गालावर बहुतेक वेळा काळा पट्टा.

चेहरे ते फारसे काढत नसत. “चेहऱ्याला खोटं बोलायची सवय असते गं. हाताला ते जमत नाही.” पंचवटीतून स्कूटरवर येताना सिग्नलला थांबले की फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांचे जोडलेले हात निरखत बसायचे, मागून हॉर्न वाजेपर्यंत.

त्या वर्षी एका शाळेचं मैदान कुणाच्या तरी घशात चाललं होतं. कुणाच्या, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि छापत कुणीच नव्हतं. काकांनी एक प्रचंड हात काढला. चार अंगठ्या घातलेला, मैदानावर पालथा पडलेला. बोटांच्या फटींत पोरं क्रिकेट खेळतायत. खाली ओळ नाही, नाव नाही. सकाळी नऊच्या आत ते चित्र अर्ध्या शहराच्या मोबाइलवर होतं.

दोन दिवसांनी पांढऱ्या शर्टातला एक माणूस चिवड्याचं पाकीट घेऊन ऑफिसात आला. काकांना वाकून नमस्कार केला.

“भाऊंना लय आवडलं चित्र. फ्रेम करून लावलंय.” मग त्यांच्या बोटांकडे बघत म्हणाला, “उजव्या हाताने काढता ना?”

“हो.”

“जपा, काका. असा हात परत मिळत नाय.”

तो गेल्यावर काकांनी पाकीट फोडलं आणि सगळ्यांना चिवडा वाटला. आम्ही हसत खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच हात पुन्हा काढला. या वेळी मैदानाभोवती भिंत होती. संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. “आठवडाभर जरा हलकं काहीतरी द्या.”

“हलकंच आहे की. कागदाचं वजन ते किती?”

चित्र छापलं गेलं. मग पांढरा शर्ट पुन्हा दिसला. ऑफिसात आला नाही, समोरच्या रसवंतीवर बसून राहायचा. काका खिडकीतून त्याला हात करायचे. तोही करायचा. चौथ्या दिवशी तो दिसला नाही, तेव्हा मला हायसं वाटलं. त्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, काकांच्या अपघाताचा फोन आला.

दवाखान्यात त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. मनगट आणि तीन बोटं मोडली होती. बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही.

“खड्डा होता,” मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

मी त्याच रस्त्याने आले होते. आठवड्यापूर्वीच तिथं नवं डांबर पडलं होतं. काळाभोर, गुळगुळीत रस्ता.

संपादक म्हणाले, बातमी तू कर. मी केली. ‘खड्ड्यामुळे अपघात, ज्येष्ठ व्यंगचित्रकार जखमी.’ पाच ओळी. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर पेपर त्यांच्या पोटावर उघडा होता. “चांगली लिहिलीस,” ते म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

तीन महिन्यांनी ते ऑफिसात आले. डाव्या हाताने काढलेलं एक चित्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. रेघा लहान मुलाच्या असाव्यात तशा थरथरत्या, पण सगळं कळत होतं. गुळगुळीत रस्ता, आडवी पडलेली स्कूटर, आणि हँडलवर अंगठ्यांचा हात.

“संपादक बाहेरगावी आहेत,” ते म्हणाले. “आज पान तुझं.”

ते गेल्यावर मी बराच वेळ चित्राकडे बघत बसले. मला माझा उजवा हात दिसत होता, माउसवर ठेवलेला. त्या जागी मी द्राक्षबागेचा फोटो लावला.

त्यांनी कधी जाब विचारला नाही. पुढच्या आठवड्यात घराला कुलूप लागलं.

गेल्या हिवाळ्यात पत्ता शोधत मी सुरगाण्याकडे गेले. तिथल्या एका पाड्यात काकूंच्या माहेरच्या घरी ते राहतात. ओसरीवर बसून आम्ही दोघं नागलीच्या भाकरी खात होतो, काकू आत चुलीपाशी होत्या. मी माफी मागायचे शब्द जुळवत होते. तेवढ्यात वळणावर जीपचा आवाज आला. वणीहून सुरगाण्याला जाणारी, टपावरसुद्धा माणसं बसलेली साधी वडापची जीप. काकांनी घास ताटात ठेवला, वाकडी बोटं बनियनच्या आत लपवली आणि उठले.

“आत ये,” ते म्हणाले, “लवकर.”

मी आत गेले. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि जीप लांब जाईपर्यंत, भर दुपारी, आम्ही तिघंही अंधारात उभे राहिलो.