दीड वर्ष पुरेल

हेल्वीच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन एकोणीस वर्षांचं झालं होतं. पिळायला लागलं की असं घरघरायचं, की उर्हो कानांवर हात ठेवायचा.

उर्हो तिचा नवरा. राहे गावच्या पोलाद कारखान्यात उभी हयात गेलेली. आता त्याला पोटच्या मुलीचं नावही आठवत नसे. रोज सकाळी त्याची चादर ओली निघे. हेल्वी ती मशीनमध्ये कोंबी, पण साठ अंशांवर खटका फिरवायचं काम त्याचं. मग स्टूल ओढून तो समोर बसे आणि आत पाणी भरताना बघत राही. त्याच्या हाती एवढंच काम उरलं होतं, आणि त्यात तो कधी चुकला नव्हता.

मुलगी मार्युत औलूहून फोनवर सांगे, जुन्याचं काय घेऊन बसलीस, नवं घे. पण हेल्वी दुकानात जाऊन बघून आली होती. नव्यांना खटकाच नव्हता, नुसती गुळगुळीत काच. म्हणून तिने दुरुस्तीवाल्या यार्कोला बोलावलं.

यार्कोने मागचं झाकण काढलं, आतलं पिंप हाताने हलवून पाहिलं. बेअरिंग गेलं होतं.

"बदलून देतो," तो म्हणाला, "पण दीड वर्षाच्या वर भरवसा नाही. नवं घेतलंत तर दहा वर्षं बघायला नको."

"दीड वर्ष पुरेल आम्हाला," हेल्वी बोलून गेली.

यार्कोने मान खाली घालून पाना उचलला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, उर्हो दारातच उभा होता.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला हौसेने हाक मारली. तो आला, पण हात खिशातच.

"तूच लाव," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने खटक्याला हात लावला नाही. आजार पुढे सरकलाय, असं डॉक्टर म्हणाले. असेलही.

एप्रिलमध्ये तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, पायरीवरून पडला आणि इस्पितळातून थेट वृद्धाश्रमात गेला. नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या आत, वारला.

दफन करून घरी आल्यावर हेल्वीने मार्युतला दीड वर्षाचं ते वाक्य सांगितलं.

"बाबांना काय कळलं असणार, आई."

"तुझं नाव नव्हतं कळत," हेल्वी म्हणाली. "माझं बोलणं कळायचं."

मार्युतने कपाटातून बाबांचे सदरे काढले, घड्या घालून खोक्यात भरायला घेतले. एक मात्र तिने आईच्या मांडीवर ठेवला.