भावजयीची विहीर आणि माझा दावा

१९९४ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण भावकीत कुणाला कागद वाचून घ्यायचा असला की माझ्याकडंच यायचे. त्याचा ताठा होता मला.

वडगाव निंबाळकरच्या बाजूला आमचं रान. धाकटा भाऊ वारला, तेव्हा त्याच्या वाटणीची विहीर त्याच्या बायकोच्या नावावर चढली. तलाठ्याकडं तो अर्ज घेऊन मीच गेलो होतो. पुढं ओढ्याच्या वरल्या अंगाला रंगाचा कारखाना आला आणि वर्षभरात त्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं. म्हशी वास घेऊन मान फिरवायच्या. भावजय कालव्याच्या फाट्यावरून डोक्यावर पाणी आणू लागली.

मी म्हणालो, दावा लावायचा. इंदापूरचा एक वकील तयार झाला. काम बारामतीच्या कोर्टात. फी आत्ता द्यायची नाही. जिंकलो तर कोर्ट खर्च कारखान्यावर बसवील, त्यातून तो घेणार. विहीर कुणाची, एवढं त्यानं विचारलं. मी म्हणालो, आमचीच की. सातबारा मागितला तर मी माझ्या गटाचा दिला. त्यात विहीर नाही हे त्यानं दाखवलं, तेव्हा तलाठ्यानं नोंद करायची राहिली म्हणून ठोकून दिलं.

आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिरापुढं बोलत नाही. तिनं माझ्या बायकोकरवी निरोप धाडला, कागद माझ्या नावावर आहे, वकिलाला तेवढं सांगा. मी जेवत होतो. म्हणालो, "घरात थोरला कोण? बाईमाणसाला कोर्टात हुबं करू व्हय?"

"पाणी ती वाहतीया, आन् मान तुमचा," बायको म्हणाली.

मी ताटावरून उठलो.

दोन वर्षं तारखा झाल्या. शेवटी कारखान्याच्या वकिलानं भावजयीच्या विहिरीचा सातबारा काढला आणि मलाच मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला, अडखळत. मग यात तुमचं काय नुकसान झालं, त्यानं विचारलं. निकालात न्यायाधीशसाहेबांनी पाणी बरं का वाईट हे बघितलंच नाही. विहीर माझी नाही, म्हणून तिच्यासाठी दाद मागायचा हक्क मला नाही, एवढ्यावर दावा फेटाळला. खर्च ज्याचा त्यानं सोसायचा. वकील दोन वर्षं फुकट राबला. पायऱ्या उतरताना म्हणाला, "आबा, पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर?" फीचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं. ते जास्त लागलं.

घरी आलो तर भावजय फाट्याकडून येत होती, डोक्यावर हंडा. मी वाट अडवून उभा राहिलो आणि निकाल सांगितला. चूक कुणाची ते तेवढं सांगितलं नाही. तिला ठाऊकच होतं. तिनं पदर पुढं ओढला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"भावजी, दोन उन्हाळं गेलं. आता तरी माझं नाव घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी तिला इंदापूरला वकिलाकडं घेऊन गेलो. विहीर हिची आहे, मला पहिल्यापासून ठाऊक होतं, मी दडवलं, हे तिच्यादेखत त्याला सांगितलं, आणि नवा दावा तिच्या नावानं लिहायला लावला.