धोट्याचा शुक्रवार

“वय हाय, रोग न्हाय,” असं म्हणत शेजारचे काका कमरेवर हात ठेवून उठायचे. हे वाक्य त्यांच्या गुडघ्यांसाठी होतं, माझ्या ढेरीसाठी होतं आणि सगळ्यात जास्त धोट्यासाठी होतं.

धोट्या म्हणजे त्यांचा कुत्रा. पिल्लू असताना मागावर सूत नेणाऱ्या धोट्यासारखा इकडून तिकडे पळायचा, म्हणून हे नाव. काकांचा लूमचा कारखाना आमच्या घराला अगदी चिकटून.

थंडीत धोट्याचे मागचे पाय आखडायचे. उन्हाळ्यात तो पाण्याच्या पिंपाजवळून हलायचा नाही, पावसाळ्यात कान खाजवून बेजार व्हायचा. मी मोबाइलवर वाचलेलं ज्ञान पाजळायचो. “काका, डॉक्टरला दाखवा.”

“कशाला? वय हाय, रोग न्हाय. तुझी ढेरी दाखवलीस का कुनाला?”

मी पोट आत घेतलं.

शुक्रवारी सुट्टी, माग बंद होतात, हे भिवंडीकरांना सांगायला नको. आठवडाभर त्या खडखडाटात धोट्या गाढ झोपायचा आणि शुक्रवारी माग थांबले की दचकून उठून भुंकायचा. शांतता त्याला सोसायची नाही.

एका शुक्रवारी माग थांबले आणि धोट्या उठला नाही.

काकांनी हाक मारली. परत मारली. मी तर डोळे पुसत “फार गुणी होता हो” इथवर पोहोचलो होतो. काकांनी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला, तसा तो गुरकावत उसळला आणि त्याने त्यांच्याच मनगटाला दात लावले. उरलेले दोन-चार.

“दिमाग गया इसका,” एक कारागीर म्हणाला. “सुई लगवाके सुला दो, चाचा.”

काका खालीच बसले. “मना वलखला न्हाय रं त्यानी.”

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे रिक्षातून जाताना त्यांनी धोट्याला मांडीवरून उतरू दिलं नाही. पोहोचल्याबरोबर म्हणाले, “बाय, रोगच असंल ना? रोग असला तं बरा व्हईल. वय असला तं मी काय करू?”



बाईंनी कान तपासले, डोळ्यांत टॉर्च मारला, मागून टाळी वाजवली. धोट्या ढिम्म. समोरून हात हलवला, तर शेपटी हलली.

“काका, हा बहिरा झालाय. डोकं शाबूत आहे, मागून अचानक हात लागला म्हणून घाबरला. हे वय आहे, रोग नाही. पायांचं मात्र खरंच दुखणं आहे, तिथे वय वय करू नका. गोळ्या द्या. आणि उठवायचं असेल तर जवळ जमिनीवर पाय आपटा. हादऱ्याने त्याला कळेल.”

काका इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. “सोता बहिरा, सांगत न्हाय लेकाचा!” मग माझ्याकडे वळून, “तुझा ‘गुनी होता’वाला भाषन ठेव जपून. माझ्या टायमाला कामाला येल.”

हल्ली काका अकलोलीला लेकीकडे असतात. त्यांचे गुडघे गरम पाण्याच्या कुंडात, आणि बाहेर पायरीवर धोट्याच्या कमरेला त्याच पाण्यात पिळलेला फडका. दोघंही मजेत आहेत म्हणे. कारखाना दुसऱ्याने चालवायला घेतलाय.

शुक्रवारी माग थांबतात. आता मीच दुपारच्या झोपेतून दचकून उठतो आणि पलंगाशेजारी जमिनीवर दोनदा पाय आपटतो.

“कुणाला उठवताय?” बायको विचारते.