शिकंज्यात धरलेलं पिस्तूल

माझ्या बायकोचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, असं कुणी म्हटलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एअर पिस्तूल आणलं मी, हिंगोलीच्या रेंजवर नाव घातलं मी. ती नुसती सोबत यायची, मागच्या बाकावर शेंगा खात बसायची. एक दिवस प्रशिक्षक म्हणाले, "वहिनी, मारून बघा की एकदा." तिनं मारलं आणि माझं सुख संपलं.

यंदा रेंजच्या संघात एकच जागा उरली होती, बायका-पुरुष कुणालाही चालणारी. रविवारी आम्हा दोघांतून एकाची निवड होणार होती. पिस्तूल दोघांचं एकच, त्यामुळे त्याच्यात खोट काढता येईना. मग मी छऱ्यांवर घसरलो. नवा डबा उघडला की ती तिरप्या धरलेल्या परातीवरून एकेक छर्रा घरंगळत सोडायची. सरळ आला तो तिचा, वाकडा गेला तो माझ्या वाटीत. तूर निवडावी तसं चालायचं ते.

"निवडक तुला, गाळ मला," मी म्हणालो.

"मंग घ्या की माझे. काहून चिडून राहिले?"

मला तिचे छर्रे नको होते, पुरावा हवा होता. प्रशिक्षकांकडून छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र मागून आणलं. आमच्या हळदीच्या शेडमध्ये पिस्तूल शिकंज्यात आवळलं, म्हणजे हाताचा प्रश्नच मिटला. त्याच्यापुढं यंत्र, दहा मीटरवर कागद, कागदामागं मातीची पोती. आधी तिचे छर्रे मारले, मग कागद बदलून माझे. वेगाचे आकडे ती मोठ्यानं वाचत होती. माझा गाळही तिच्या छऱ्यांइतक्याच वेगानं जात होता.

कागद काढून आणले. तिच्या कागदावर मधोमध सगळ्या छऱ्यांचं मिळून एकच भोक. माझ्याही कागदावर एकच, किंचित रुंद. इतका देखणा कागद मी जन्मात काढला नव्हता, आणि त्यात माझा हातच नव्हता.

आता ती हसणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत उभा राहिलो. ती हसली नाही. यंत्रावर टिचकी मारून म्हणाली, "हे बराबर नसंल. मागून आणलेली वस्तू. आन् माझी पाठ बी दुखून राहिली. रविवारी तुमीच जावा."

तिच्या मनगटाचा हेवा मी कसाबसा गिळत आलो होतो. तिच्या या मोठ्या मनाचा हेवा मात्र मला गिळवेना. हरलो असतो तर रागावता तरी आलं असतं.

"पाठबीठ काही दुखत न्हाई तुझी. यायचं तू."

"येते. पण नंतर तोंड पाडून बसायचं न्हाई."

"न्हाई बसत."

रविवारी तिची निवड झाली. घरी येताना मोटारसायकल मी चालवत होतो. ती मागे बसून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आमचं डोंगरकडा गाव येईपर्यंत आनंदानं बोलत होती. तिला माझं तोंड दिसत नव्हतं, तेवढंच बरं होतं.