गोळीनंतर अर्ध्या तासाने

माझ्या जठराला व्रण पडल्याचं डॉक्टरांना दुर्बिणीतून दिसलं आणि आमच्या सीवूड्सच्या घरात लगेच त्याची कारणं निघाली. नवऱ्याच्या मते टेन्शन, सासूबाईंच्या मते पाणीपुरी. पाणीपुरी मी कधीतरीच खाते, पण खापर तिच्यावर फुटलं.

डॉक्टरांनी एक गोळी आम्ल कमी करायला दिली, एक मळमळीवर. दोन्ही उपाशीपोटी. हे मला सोपं वाटलं, उपाशीपोटी राहायची सवय होतीच. सगळ्यांचं झाल्यावर बायकांनी बसायचं, ही पद्धत सासूबाईंनी साताऱ्याहून सोबत आणलेली. मी उजाडताच गोळ्या घ्यायची. मग डबे, नवऱ्याचा नाश्ता, मुलीचा नाश्ता, देवाचा नैवेद्य. सासूबाई आणि मी बसेपर्यंत अकरा वाजायचे.

जळजळ काही जाईना. फोडणीच्या वासानेसुद्धा मळमळायचं. असंच राहिलं तर व्रणातून रक्त येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी घाबरले.

"गोळीनंतर किती वेळाने खाता?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं झाल्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जठरात आम्ल सोडणारे पंप असतात, म्हणाले. खाणं आलं की ते चालू होतात, आणि ही गोळी चालू झालेले पंपच बंद करते. तुम्ही खाईपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो.

"अर्ध्या तासाने खायचं. घरात बाकी कुणी खाल्लेलं असो वा नसो."

दुसऱ्या दिवशी तव्यावरची पहिली चपाती मी माझ्या ताटात घेतली आणि टेबलाशी बसले. नवरा एकदा माझ्याकडे, एकदा आपल्या रिकाम्या डब्याकडे बघत होता. सासूबाईंनी पुढची चपाती लाटायला घेतली. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर बोलणार काय? गरम चपाती खाताना मला उगाचच रडू आलं. मी ते मिरचीवर ढकललं. व्रणामुळे भाजीत मिरची नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे व्रण भरला, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. उरलेल्या मी कचऱ्यात टाकत होते, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या.

"टाकू नगंस. मला दे त्या."

"का, आई? तुम्हालाही जळजळतं का?"

"नाय गं," त्या म्हणाल्या. "सकाळच्याला भूक लागती."