गळालेले पूज्य

जे कुणालाच दिसत नाही ते हरवले, तर ते कुणाच्या लक्षात यावे? भौतिकशास्त्र विभागाच्या टंकलेखिकाबाईंनी हा प्रश्न एकदा प्रस्तुत लेखकाला विचारला होता.

जिन्याखालच्या खोलीत बसून बाईंनी दोन तपे इतरांचे प्रबंध टंकले. शून्याला त्या वडिलांच्या सवयीने ‘पूज्य’ म्हणत. विभागात पूज्य दोनच, विभागप्रमुख आणि मावशींचे शून्य, अशी त्यांना मावशी म्हणणाऱ्या मुलांची थट्टा असे. अलीकडे त्यांची उजवी करंगळी आखडली होती, आणि शून्याची कळ नेमकी त्याच बोटाची. काम जाईल या धास्तीने त्यांनी हे सख्ख्या बहिणीलाही कळू दिले नव्हते.

त्या वर्षी एक विद्यार्थिनी तंतुसिद्धांतावरचा, म्हणजे स्ट्रिंग थिअरीवरचा, प्रबंध घेऊन आली. विश्वाच्या बालपणी, गुंडाळून राहिलेल्या मितींतून उपजलेले काही जड कण सर्वांत शेवटी फुटले, असे तिने समजावले. त्या वाटणीत थोडे आपल्या वाट्याला आले, थोडे कृष्णद्रव्याच्या, आणि काही अतिहलक्या, अदृश्य कणांनी पळवले; तेच कृष्ण प्रारण.

“म्हणजे भाऊबंदकीच की,” बाई म्हणाल्या होत्या.

ज्ञात अतिहलक्या कणांचा हिशेब एका आकड्यात मांडतात, ३.०४६. पोरीच्या गणिताने तो ३.४६ येत होता. मधला फरक म्हणजे कृष्ण प्रारण; तिची चार वर्षे त्या फरकात होती.

प्रती बांधणीला गेल्यावर कच्ची पाने आवरताना बाई एका कोष्टकापाशी थबकल्या. दोन्ही ओळींत ३.४६. पूज्य गळाले होते आणि बाकी पूज्य उरली होती. परीक्षकांना वाटले असते, पोरीने काहीच सिद्ध केले नाही. गप्प बसले तर करंगळी झाकली जात होती.

बाईंनी चहा तसाच ठेवला आणि पोरीला वाचनालयात गाठले.

“चूक माझ्या बोटाची आहे. सहा महिने वळत नाही ते. सरांना मीच सांगते.”

पोरीने कोष्टक पाहिले आणि हसूच लागली. “मावशी, अख्खं कृष्ण प्रारण गिळलंत की हो.”

“हसतेस काय? आधी बांधणीवाल्याला थांबव.”

एक पान बदलले. विभागप्रमुखांनी सारे शांतपणे ऐकले, बोटाबद्दल हळहळले, आणि टंकलेखन काढून घेतले. दारापर्यंत गेलेल्या बाईंना त्यांनी परत बोलावले आणि विचारले, ते शून्य नेमके कुणाला सापडले?

२०१४ पासून २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत बाई त्या विभागातल्या प्रबंधांची मुद्रिते तपासत होत्या.