एक पत्ता कमी

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या आतेभावाइतका न्यायी माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि जेवायला बोलवायला इतका अवघडही. तारापूरच्या एका कारखान्यात पिंपांवरची लेबले तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर भाऊजी बोईसरला पत्त्यांच्या स्पर्धांचे पंच झाले. रमी नव्हे, तुम्ही तिकडे खेळता तेच, राक्षसांचे आणि जादूगारांचे पत्ते. प्रत्येकाने आपला साठ पत्त्यांचा संच आणायचा आणि त्यात काय काय आहे याची यादी सकाळीच पंचांकडे द्यायची. पुढे यादी आणि संच जुळले नाहीत, तर एक डाव हरल्याची शिक्षा. भाऊजी हे काम इस्त्रीचा शर्ट घालून, उभ्याने करतात. दहादहाचे गठ्ठे लावताना कोणी शिंकले, तरी पुन्हा पहिल्यापासून. एकदा आमच्याकडे जेवताना म्हणाले, "वहिनी, सरंग्याच्या आठ तुकड्या म्हणालात. इथे सात आहेत." आठवी मांजरीने पळवली होती. त्यांनी मांजरीचीही चौकशी केली.

गेल्या खेपेला कुंभवलीची एक मुलगी अंतिम फेरीत पोचली. कारखान्यात पॅकिंगला असते. जिंकणाऱ्यालाच पुण्याला खेळायला मिळणार होते आणि तिने रजाही मागून ठेवली होती. फेरीआधी भाऊजींनी तिचा संच मोजला. पत्ते साठ, यादीत एकोणसाठ. सकाळी ती यादी त्यांनीच तपासून सही केली होती. तेव्हा दिसले असते, तर तिला दुरुस्त करता आले असते.

"तीनपैकी पहिला डाव गेला," ते म्हणाले. मी डबा घेऊन शेजारीच बसले होते. दुसरा डाव ती जिंकली. तिसरा थोडक्यात गेला.

भाऊजी तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "सकाळी मला दिसायला हवं होतं."

"नियम हाय ना, काका? मंग तुमी कशाला तोंड पाडता?" तिने डोळे पुसले. "मी परत येनार हाय. तुमी या म्हंजे झालं."

ते जातात. फक्त आता सही करण्याआधी प्रत्येक यादी माझ्याकडे सरकवतात आणि दुसरीकडे बघत म्हणतात, "वहिनी, तुम्हीही एकदा मोजा." त्यांचे बरोबरच असते. तरी मी बोट ठेवून, सावकाश, साठापर्यंत मोजते.